मुद्देमाल म्हणून आलेली कुत्री: जप्तीपासून निकालापर्यंतची देखभाल

पोलीस ठाण्यातून आमच्या केनेलला निरोप येतो तो बहुतेक वेळा दिवस मावळल्यावर, आणि त्यात माहिती एवढीच असते की कुत्री किती. आम्ही फोनवरच आणखी चार गोष्टी विचारून घेतो. कलम कोणतं लावलंय, नर किती आणि माद्या किती, एखादी गाभण किंवा पिल्लांची आई आहे का, आणि कुणाला चावा बसलाय का. गाडीत काय टाकायचं, किती कप्पे मोकळे करायचे आणि सकाळी कोणत्या कोर्टात उभं राहायचं, हे त्या उत्तरांवरून ठरतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यात जप्तीत येतात ती शिकारीची मुधोळ आणि त्यांची संकरं, शर्यतीसाठी आणलेले ग्रेहाउंड, झुंजीसाठी तयार केलेली पिट बुलसारखी कुत्री, आणि विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्यांच्या शेडमधली लॅब्रॅडॉर, पॉमेरेनियन, पग. शिकारीचा गुन्हा असेल तर ठाण्याऐवजी वनखातं येतं, बाकीचा प्रवास जवळजवळ तोच.

कलम आधी विचारण्याला कारण आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा वापरला तरी त्याच्या कलम ११ मधले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत. झुंजीची जागा चालवली, तिथे आत सोडायचे पैसे घेतले, हे फिर्यादीत स्पष्ट आलं तर पोटकलम ‘एन’ लागतं आणि ते दखलपात्र आहे. नुसतं ‘कुत्र्यांना झुंजायला चिथावलं’ एवढंच लिहिलं तर ‘एम’ लागतं, आणि मग दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपासच पुढे सरकत नाही. जागा, पैसे घेणारा माणूस, मैदानाची आखणी हे सगळं पंचनाम्यात यायला हवं ते यासाठी. जखमेनं कुत्रं मेलं किंवा कायमचं अधू झालं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ सुद्धा लावायला सांगावं, कारण त्यात शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. शिवाय त्या कायद्याखालची फिर्याद गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावी लागते. कागद रेंगाळला की गुन्हा बुडतो आणि कुत्रं मात्र पिंजऱ्यातच राहतं.

कलम ३४ प्रमाणे कॉन्स्टेबलपेक्षा वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी प्राणी जप्त करू शकतो. जागेवर जाताना आम्ही रुंद पट्टे, सरकफासाच्या दोऱ्या, वेगवेगळ्या मापांची मुसकी, जाड चादरी आणि सपाट वजनकाटा नेतो. झुंजीची कुत्री एकमेकांच्या नजरेस पडू द्यायची नाहीत. एकाला गाडीत घालून पिंजऱ्यावर चादर टाकल्याशिवाय दुसऱ्याला हलवायचं नाही. माणसाशी ती बहुधा मऊ असतात, दुसऱ्या कुत्र्याशी नसतात.

पंचनामा लिहिताना एका कुत्र्याला एक ओळ. ‘तपकिरी रंगाची कुत्री सात’ असं लिहिलेलं पुढे काहीच कामाचं राहत नाही. रंग, लिंग, अंदाजे वय दातांवरून, वजन, पांढऱ्या ठिपक्यांच्या जागा, कानाचा काप, जुने व्रण, गळ्यातल्या साखळीची लांबी आणि वजन. साखळी, पट्टा, ट्रेडमिल, इंजेक्शनच्या बाटल्या हा वेगळा मुद्देमाल, त्याला वेगळी नोंद. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मुळे जप्तीचं चित्रीकरण आता करावंच लागतं, त्याचा फायदा घ्यावा. प्रत्येक कुत्रं समोरून, दोन्ही बाजूंनी आणि ओठ वर करून दात दिसतील असं कॅमेऱ्यात घ्यायचं. जखमेशेजारी पट्टी ठेवायची. रिकामं पाण्याचं भांडं, विष्ठेचा थर, छपराची उंची हेही त्याच वेळी. दुसऱ्या दिवशी जागा धुतलेली सापडते.

२०१७ चे मुद्देमाल प्राण्यांच्या देखभालीचे नियम सांगतात की जप्त प्राण्याची तपासणी, ओळख आणि खूण त्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकाकडून व्हावी. डागण्या द्यायला बंदी आहे. कुत्र्यासाठी मायक्रोचिप सगळ्यांत बरी: पंधरा आकडी क्रमांक, दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली. चिप घालण्याआधी जुनी आहे का ते यंत्र फिरवून पाहायचं, मानेवरच नव्हे तर खांद्यापर्यंत, कारण चिप सरकते. मग चिपचा क्रमांक, ठाण्याचा पीएफ (मुद्देमालाच्या नोंदीचा) क्रमांक आणि आमच्या कप्प्याचा क्रमांक एकाच ओळीत. हे तीन आकडे जुळले नाहीत की सुनावणीत ‘हे तेच कुत्रं कशावरून’ हा प्रश्न येतो. त्या एका प्रश्नावर तारखा पडत जातात.

मुधोळ आणि ग्रेहाउंडच्या बाबतीत एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ही कुत्री मुळातच सडपातळ. शेवटच्या बरगड्या आणि कमरेची हाडं निरोगी मुधोळातही दिसतात. बरगड्या दिसल्या म्हणून सरसकट ‘उपासमार’ लिहिलं तर बचावाचा वकील पैदाशीतल्या जाणकाराला उभं करून तो दाखला मोडून काढतो, आणि खरोखर उपाशी असलेल्या कुत्र्याचंही प्रकरण त्याबरोबर पडतं. म्हणून नऊ अंकांच्या शरीरस्थिती मोजपट्टीवर अंक लिहावा आणि सोबत मांडीचा स्नायू, पाठीच्या मणक्यांवरचं मांस, डोक्याच्या कडेचा खळगा यांचं वेगळं वर्णन द्यावं. स्नायू झिजलाय की नाही, यावर पातळ आणि उपाशी यांतला फरक ठरतो. आठवड्याच्या वजनांचा तक्ता हा त्याहून मोठा पुरावा. नीट खायला घातल्यावर वजन भराभर वाढलं, तर आधी काय होत होतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

उपाशी कुत्र्याला पहिल्या रात्री पोटभर घालणं हा सगळ्यांत जीवघेणा चांगुलपणा. बरेच दिवस अन्न न मिळालेल्या शरीरात एकदम पिष्ट आणि साखर गेली की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात कुत्रं लुळं पडतं, थरथरतं, लघवी गडद होते, हृदय अडखळतं. भाताचा मोठा गोळा, गूळपाणी, ग्लुकोज हे तिघेही इथे घातक, आणि गुळाच्या या पट्ट्यात कुणी ना कुणी गूळपाणी घेऊन उभं असतंच. आमचं गणित असं: वजनाला ३० नं गुणून ७० मिळवायचे, म्हणजे स्वस्थ पडून असलेल्या कुत्र्याची दिवसाची किलोकॅलरीची गरज. २० किलोच्या कुत्र्याला ६७०. पहिल्या दिवशी त्याचा चौथा हिस्सा, साधारण १७०. म्हणजे एक उकडलेलं अंडं आणि साठेक ग्रॅम बिनहाडाची उकडलेली कोंबडी, तेही पाच-सहा वेळांत वाटून. मग रोज थोडं वाढवत चार ते दहा दिवसांत पूर्ण गरजेपर्यंत. थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) पहिल्या घासाच्या आधी, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं. त्या आठवड्यात वजन रोज, पुढे आठवड्यातून एकदा.

नेहमीच्या खाण्यात या भागातली कुत्री जोंधळ्याच्या भाकरीवर आणि ताकावर वाढलेली असतात. कोरड्या गोळ्या समोर ठेवल्या तर दोन-दोन दिवस तोंड लावत नाहीत. भाकरीत गोळ्या मिसळत पाच ते सात दिवसांत बदल करावा. हॉटेलातलं उरलेलं अन्न आम्ही घेत नाही, त्यात कांदा-लसूण असतो आणि कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेली हाडं नाहीत. पाणी किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली ही किमान अपेक्षा, उन्हाळ्यात दुप्पट. भांडं जड, उलटणार नाही असं, आणि रोज घासलेलं.

नव्यानं आलेली कुत्री चौदा दिवस वेगळी. पार्वो हा विषाणूचा आजार साधारण तीन ते सात दिवसांत उठतो, कधी चौदापर्यंत जातो, म्हणून हा आकडा. कुत्रं आल्या दिवशीच लस टोचून घ्यावी. ‘आधी तब्येत सुधारू दे’ म्हणत थांबण्यात पिल्लं जातात. पार्वो फिनाईलनं मरत नाही, आणि इथल्या निम्म्या शेडमध्ये तेच शिंपडलं जातं. आधी विष्ठा उचलायची, साबणानं घासून धुवायचं, मग सोडियम हायपोक्लोराइट. बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर एक भागाला तीस भाग पाणी, म्हणजे १० लिटरला साधारण ३३० मिली, आणि ते दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. घाण न काढता ओतलं तर हायपोक्लोराइट त्या घाणीवरच खर्ची पडतं. रोज ताजं बनवायचं, उन्हात ठेवायचं नाही. कामाचा क्रम ठरलेला: आधी निरोगी पिल्लं, मग मोठी, मग नवीन आलेली, शेवटी आजारी. उलट फिरायचं नाही. विलगीकरणाचे बूट, झाडू, बादली वेगळ्या रंगाच्या.

गोचीड काढले म्हणजे काम झालं असं नाही. हिरड्या फिक्या, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर, नाकातून रक्त किंवा पोटावर लाल ठिपके दिसले तर रक्ताची काचपट्टी तपासून घ्यावी. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडांतून येणारे दोन्ही आजार आपल्याकडे सर्रास आहेत आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. खरूज दिसली म्हणून सगळ्यांना एकाच सिरिंजच्या हिशेबानं आयव्हरमेक्टिन देण्याची पद्धत बंद व्हायला हवी, कॉली जातीच्या रक्ताच्या कुत्र्यांना त्यानं झटके येऊ शकतात. ग्रेहाउंडच्या अंगावर चरबी कमी, त्यामुळे काही भूल त्यांच्यात लांबते. शस्त्रक्रियेआधी पशुवैद्यकाला जात सांगायला विसरू नये.

चावलेलं कुत्रं आलं तर दहा दिवस निरीक्षण, स्वतंत्र कुलपाचा कप्पा, एकच ठरलेला माणूस. आमच्याकडे कुत्र्यांना हात लावणाऱ्या प्रत्येकाला रेबीजची आगाऊ लस आधीच दिलेली असते. तरीही चावा बसला की पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, आणि पुढचे डोस दवाखान्यात.

कप्प्याबद्दल थोडं सविस्तर. एका कुत्र्याला किमान चार बाय सहा फुटांची बंदिस्त जागा आणि तिला जोडून बाहेरचा मोकळा भाग, मध्ये सरकतं दार. एका बाजूला कुत्रं, दुसरी बाजू धुवायची. हे दार नसेल तर धुताना कुत्रं ओल्यात उभं राहतं किंवा रोज दोनदा अनोळखी हातांनी ओढून बाहेर काढावं लागतं, आणि तिथेच चावे होतात. फरशीचा उतार फुटाला पाव इंच, गटार कप्प्याच्या बाहेर. शहाबादी स्वस्त आणि थंड, पण घासून गुळगुळीत झालेली असेल तर ओल्यात पाय घसरतात आणि सांध्यांत घाण साठते. सांधे सिमेंटनं भरून घ्यावेत. मुधोळ-ग्रेहाउंडला कठीण फरशीवर आठ-पंधरा दिवसांत कोपरांवर आणि कमरेच्या हाडांवर घट्टे पडून फुटतात. त्यांना जमिनीपासून सहा इंच उंच लोखंडी चौकटीवर जाड कॅनव्हास ताणून द्यावा. गोणपाट कुरतडलं जातं आणि त्याचे धागे आतड्यात अडकतात.

खानापूरकडे पावसाळा म्हणजे आठवडेच्या आठवडे ओल. पत्र्यावरचा आवाज कुत्र्यांना झोपू देत नाही, पायांच्या बेचक्यांत बुरशी येते, उंदीर धान्याकडे येतात आणि त्यांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) पसरतो. तो माणसालाही होतो. खाद्य झाकणाच्या पिंपात, पत्र्याखाली जुनी ताडपत्री किंवा वर कौलं, आणि लेप्टोची लस जूनच्या आधी. अथणी-रायबागकडे उलट, एप्रिल-मेमध्ये पत्र्याचा कप्पा भट्टीसारखा तापतो. तिथे भिंतीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला झरोके, पश्चिमेला शेडनेट, दुपारी फरशीवर पाणी. पग आणि बुलडॉग सगळ्यांत सावलीच्या कप्प्यात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येतो. त्याच १९६० च्या कायद्यात, कलम ११ मध्येच, पोटकलम ‘जी’ आहे: नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर मालक गुन्हेगार. ज्या कलमाखाली आपण कुत्रं मालकाकडून आणतो त्याच मापानं आपला पिंजरा मोजला गेला पाहिजे. खटला वर्ष-दोन वर्षं चालला आणि कुत्रं चार बाय सहामध्येच राहिलं, तर ते आगीतून निघून फुफाट्यात पडलं. पोट भरलेलं, लस टोचलेली, जखम बरी झालेली, आणि तरीही रोज खचत जाणारं कुत्रं ओळखता यायला हवं. एकाच वर्तुळात फिरत राहणं, पुढचा पाय चाटून चाटून कच्चा करणं, जाळीवर नाक घासून सोललेलं, आखूड केसांच्या कुत्र्याचं भिंतीवर आपटून फुटलेलं शेपटीचं टोक, आणि सगळ्यांत फसवं म्हणजे कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून शांत बसणं. ‘आता सवय झाली, भुंकत नाही’ असं त्याबद्दल सांगितलं जातं. सवय झालेली नसते.

बंद शेडमध्ये भुंकण्याचा आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. समोरासमोरचे कप्पे हे त्याचं मोठं कारण. आम्ही जाळीच्या खालच्या तीन फुटांना आडोसा लावतो, म्हणजे बसलेल्या कुत्र्याला समोरचं दिसत नाही आणि उभं राहिलं की बाहेर पाहता येतं. पहिले तीन दिवस धक्क्याचे असतात. तेव्हा आंघोळ, नखं असलं काही काढायचं नाही, एक आडोशाची पेटी आणि एकच माणूस. त्यानंतर दिवसातून दोनदा किमान वीस-वीस मिनिटं कप्प्याबाहेर, ठरलेल्या वेळी. शिकारी जातींना दोरीवरचं चालणं पुरत नाही, त्यांना धावू द्यावंच लागतं. त्यासाठी सहा फूट उंच जाळीचं अंगण आणि एकामागे एक दोन फाटकं, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मुधोळ एकदा सुटला की हाकेला परतत नाही, आणि हरवलेला मुद्देमाल कोर्टाला समजावणं फार कठीण. झुंजीच्या कुत्र्यांना एकेकटं सोडायचं, पण सोडायचंच. कार्डावर कुत्र्याला मराठी कळतं की कन्नड हेही लिहावं, हुकूम कळला की निम्मी भीती जाते.

उरतो तो मुक्काम कमी करण्याचा प्रश्न, आणि तो कोर्टातच सुटतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे खटला चालू असताना दंडाधिकारी प्राण्याचा ताबा प्राणीकल्याण संस्थेकडे, पांजरपोळाकडे किंवा एसपीसीएकडे (प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या संस्थेकडे) देऊ शकतात. सरकारी पशुवैद्यकाच्या अंदाजावरून वाहतूक, देखभाल, उपचार यांची रक्कम ठरते, आणि मालक-आरोपींनी तेवढ्या रकमेचा जामीनदारांसह बाँड तीन दिवसांत द्यायचा असतो. नाही दिला तर प्राणी संस्थेकडे जमा होतो, म्हणजे मालकी जाते. संस्थेला झालेला वाजवी खर्च दर पंधरवड्याला मागता येतो. हे सगळं आपोआप होत नाही. अर्ज कुणीतरी द्यावा लागतो, आणि पोलिसांचा अर्ज नुसता ‘ताबा द्यावा’ एवढाच असतो. त्यात बाँडची मागणी नसेल तर आदेशातही येत नाही, आणि मग कुत्रं ना मालकाचं ना संस्थेचं असं लटकत राहतं. म्हणून पहिल्याच तारखेला आम्ही सरकारी वकिलांकडे तयार कागद देतो: चिपसह यादी, पशुवैद्यकाचा दाखला, कुत्र्यामागे रोजच्या खर्चाचा तपशील. दिवसाला दीडशे रुपये धरले तरी दहा कुत्र्यांचे महिन्याला ४५,००० होतात, आणि हा आकडा समोर आला की बाँडचा मुद्दा गांभीर्यानं घेतला जातो.

मालकाचा सुपूर्दनाम्याचा, म्हणजे कुत्रं परत ताब्यात मागण्याचा, अर्ज त्याच सुमारास येतोच. मुद्देमाल लवकर निकाली काढा हे सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्ये सांगितलं, त्याचा आधार दोन्ही बाजू घेतात. त्याला उत्तर म्हणजे वजनांचा तक्ता आणि जखमांचे फोटो. इथे भाषेची अडचण खरी आहे. ठाण्याचे कागद कन्नडमध्ये, केनेलची नोंदवही बहुधा मराठीत. छापील रकाने कन्नड आणि मराठी दोन्हीत करून घ्यावेत, आकडे आणि तारखा स्पष्ट लिहाव्यात. चंदगड किंवा कागलकडचा दवाखाना जवळ असला तरी कोर्टाच्या परवानगीशिवाय कुत्रं राज्याच्या हद्दीबाहेर नेऊ नये. जीव वाचवायला न्यावंच लागलं तर पशुवैद्यकाची चिठ्ठी आणि तपास अधिकाऱ्याला त्याच वेळी लेखी कळवणं.

ताब्यात असताना मादी व्याली तर पिल्लांची नोंद त्याच दिवशी ठाण्याला आणि कोर्टाला द्यावी. गर्भ साधारण ६३ दिवसांचा, तेव्हा जप्तीच्या तारखेवरून गर्भ कुणाकडचा हे सांगता येतं. नोंद करायची राहून गेली की ‘माझी पिल्लं विकली’ असा उलटा आरोप होतो. नसबंदी मालकीचा निकाल लागेपर्यंत परवानगीशिवाय नाही, त्यामुळे माजावर आलेल्या माद्यांसाठी दुहेरी कुलूप. गर्भाशयात पू झाला असेल तर मात्र थांबायचं नाही, शस्त्रक्रिया करून दाखला जोडायचा. कुत्रं दगावलं तर सरकारी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन, पंचनामा, आणि चिप काढून ठाण्यात जमा.

शिक्षा झाली तर मालकी काढून घेतली जाते, सुटका झाली तर प्राणी आणि बाँडची उरलेली रक्कम परत जाते. संस्थेकडे जमा झालेल्या कुत्र्याची आधी नसबंदी, मग घर. झुंजीचं कुत्रं दुसरं कुत्रं नसलेल्या घरी, मुधोळ उंच कुंपणाच्या घरी, कोंबड्या-शेळ्या नसतील तिथे. कुत्रं हातात देण्याआधी आदेशाची नक्कल ठाण्यात नेऊन पीएफ रजिस्टरमधली त्याची नोंद बंद करून घ्यावी आणि त्या पानाची प्रत नव्या मालकाला द्यावी. नोंद उघडी राहिली की पुढच्या मुद्देमाल तपासणीत कुत्रं गहाळ दिसतं आणि पोलीस त्या नव्या घराच्या दारात येतात.